तपासणीला गैरहजर

आमच्या घरात ‘गैरहजर’ ही शिवी होती. नापास चालायचं, उशीर चालायचा, भांडण तर रोजचंच होतं. पण अमका त्या दिवशी गैरहजर राहिला असं अप्पा सांगू लागले की त्या माणसाचा आमच्यापुरता निकाल लागलेला असायचा. अप्पा म्हणजे माझे वडील. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात ते पाण्याच्या टाकीवर वॉलमन होते. खड्ड्यात उतरून वॉल फिरवायचा आणि एकेका गल्लीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. रोजंदारीवर लागले आणि रोजंदारीवरच राहिले. रोजंदारीच्या माणसाला रजा नसते. तो आला नाही तर दुसरा कुणी येतो, आणि मग तो दुसराच येत राहतो. अप्पांनी हे कधी गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही. उलट दुसरे लोक आपली जमीन सांगतात तशी ते पाव्हण्यारावळ्यांना आपली हजेरी सांगायचे.

अकरावी-बारावीला मी लातूरला गेले, तर तिथं अप्पांच्या मताचं अख्खं शहरच भेटलं. ताप आला तर गोळी घेऊन क्लासला बसायचं, उलटी झाली तर तोंड धुऊन परत बाकावर यायचं. आमच्या होस्टेलच्या एका मुलीनं हाताला सलाइनची सुई तशीच ठेवून पेपर दिला, आणि नंतर तिचा सत्कार झाला. मी स्वतः फिजिक्सचा पेपर टायफॉइडमध्ये लिहिला. काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही, पण मार्क बरे पडले. अप्पांनी ती गोष्ट गावभर इतकी फिरवली की मलाही आपण काहीतरी पराक्रम केला असं वाटायला लागलं.

अशा घरातून आणि अशा शहरातून मी वैमानिक व्हायला निघाले, आणि पहिल्याच पायरीवर मेडिकल उभं राहिलं.

आमच्याकडं मेडिकल या शब्दाचा एकच अर्थ आहे, डॉक्टरकीला नंबर लागणं. माझं मेडिकल आहे म्हटल्यावर शेजारच्या काकू पेढे मागायला आल्या. “नांदेड भेटलं का लातूर?” त्यांनी विचारलं. अप्पांनी त्यांना ओसरीवर बसवून समजावलं, “आपलं मेडिकल अलग हाय. विमान चालवायच्या आधी डॉक्टर लोक परीक्षा घेतेत. त्यात पास झालं तरच पुढं.”

परीक्षा म्हणाले, आणि घोळ तिथंच झाला. तपासणी म्हणाले असते तर पुढचं बरंच टळलं असतं. पण हा शब्द त्यांना सुचला नाही आणि खरं तर मलाही सुचला नाही. परीक्षा म्हटली की तयारी आली, तारीख आली, आणि काहीही झालं तरी त्या तारखेला हजर राहणं आलं.

विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेत माझी निवड झाली होती. बॅच सुरू व्हायच्या आत मेडिकलचं ‘फिट’ हातात पाहिजे, नसेल तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. पहिलं मेडिकल करायचा अधिकार असलेले एक डॉक्टर लातूरला होते, सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडची तारीख मिळाली आणि आमच्या घरात बोर्डाच्या परीक्षेचं वातावरण सुरू झालं. डोळ्यांसाठी गाजर, रक्तासाठी बीट, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून भिजवलेले बदाम. माय म्हणजे माझी आई, तिनं मला इतकं गाजर खाऊ घातलं की मला त्याचं नावही नकोसं झालं. शिवाय मी पळायला लागले. दम लागू नये म्हणून रोज सकाळी नायगावच्या रस्त्यानं पळत जायचं आणि चालत यायचं.

तारीख आठवड्यावर आली असताना पाय खड्ड्यात गेला आणि घोटा मुरगळला.

तसं फार काही नव्हतं. बर्फ लावून चार-पाच दिवस पाय उंच ठेवला असता तर उतरली असती सूज. पण चार-पाच दिवस पाय उंच ठेवून पडून राहणारी मुलगी आमच्या घराला बघवेना. मायनं फळीवरच्या डब्यातून बिब्बा काढला. काळं, टणक फळ असतं ते. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून तेल सुटतं, आणि ते तेल दुखऱ्या जागी ठिपके देत लावायचं. तिच्या माहेरी माणसांना लावायचे आणि बैलांनाही लावायचे.

“बैल दुसऱ्या दिशी औताला चालतो,” माय म्हणाली.

बैलाची कातडी निराळी असावी. मला बिब्बा उतला. दुसऱ्या दिवशी घोट्याभोवती पाण्यानं भरलेले फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले आणि खाज पोटरीपर्यंत चढली. मूळचं मुरगळणं राहिलं बाजूला, आता पायाकडं बघवत नव्हतं. कुणाच्या चांगल्या चाललेल्या कामात मोडता घातला की त्यानं बिब्बा घातला असं आपण म्हणतो. माझ्या कामात तो खरोखरचा घातला गेला, आणि तोही मायेनं, अंगारा लावावा तसा. माय खोबरेल तेल घेऊन माझ्या उशाशी बसली होती आणि मी तिच्याशी बोलत नव्हते. मला तिचा राग आला होता आणि तिच्याकडं बघून तो टिकतही नव्हता.

गावातल्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि गोळ्या दिल्या. खाज थांबली. डोकं मात्र दिवसभर पेंगलेलं राहायचं. तारीख पुढं ढकलून मागू का, असं मी एकदा हळूच विचारून पाहिलं.

“तारीख हाय ना?” अप्पा म्हणाले. “मंग जायचं. नापास झाली तर झाली. गैरहजर ऱ्हायचं न्हाई.”

आणि मला ते पटलं. टायफॉइडमध्ये फिजिक्स लिहिणाऱ्या मुलीला घोटा तो काय. अप्पांची मोठी चप्पल पायात अडकवून, वर सैल सलवार सोडून मी त्यांच्याबरोबर एसटीत बसले. लातूर येईपर्यंत अप्पा मला सूचना देत होते. विचारतील तेवढंच सांगायचं. आपल्या मनानं पायाचं काढायचं नाही. चालून दाखव म्हणाले तर दात दाबून चालायचं. ताईला बघायला पाहुणे आले होते तेव्हाही तिला नेमकी हीच शिकवणी मिळाली होती, आणि तिचा तर पायही धड होता.

डॉक्टरांनी मला दारातून आत येताना पाहिलं आणि हातातलं पेन टेबलावर ठेवलं. साठी उलटलेले, बारीक अंगाचे, बोलण्यात जराही घाई नसलेले गृहस्थ. त्यांनी काही तपासलं नाही. फक्त विचारलं, “पायाला काय झालंय?”

“काही नाही सर. बरा आहे. चालून दाखवते.”

“चालू नका. बसा. गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

विचारतील तेवढंच सांगायचं होतं, आणि त्यांनी नेमकं तेवढंच विचारलं होतं. मी पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. मग मुरगळण्यापासून बिब्ब्यापर्यंत सगळंच सांगितलं. बिब्बा म्हटल्यावर ते हसले. त्यांच्या आजोळी तो गुडघ्याला लावायचे म्हणे.

“या गोळीनं झोप येते,” ते एकेक पाकीट उलटं करत म्हणाले. “इंजेक्शन ज्या जातीचं वाटतंय त्यानं रक्तातली साखर वर जाते. दुखण्यानं बीपी वर जातं. आज मी तुमचं रक्त घेतलं तर ते तुमचं नसेल, या गोळ्यांचं असेल. आणि जे दिसेल ते मला लिहावं लागेल. टेम्पररी अनफिट. मग कागद वर जाणार, पुन्हा तपासण्या होणार, वाट बघणं येणार. मी अजून सुरुवात केलेली नाही. घरी जा. पाय बरा होऊ द्या, गोळ्या बंद होऊ द्या, शरीर त्याच्या मूळ जागेवर येऊ द्या. मग या.”

“पण सर, आजची तारीख…”

“मेडिकलला आजारी माणसानं यायचं नसतं,” ते म्हणाले.

डॉक्टरकडं आजारी माणसानं जायचं नाही, हे ऐकून मला त्याही अवस्थेत हसू आलं. अप्पांना आलं नाही. ते बाहेरच्या बाकावरून सगळं ऐकत होते. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. हजर राहूनही कुणी परत पाठवतं, हा अनुभव त्यांच्या हिशेबात कुठंच बसत नव्हता. गावात उतरल्यावर चौकात कुणीतरी विचारलंच, “झालं का मेडिकल?”

“फुडं ढकललं,” अप्पा म्हणाले.

“पेपर फुटला आसंल,” समोरचा म्हणाला, आणि विषय संपला. आमच्याकडं एवढं कारण कुणालाही पुरतं.

डॉक्टरांनी पुढची तारीख दिली ती बॅच सुरू व्हायच्या अगदी तोंडावरची. त्यानंतर दुसरी संधी नव्हती. मधले दिवस मी नुसती पडून काढले. पडून राहणं ही किती अवघड गोष्ट आहे हे मला तेव्हा कळलं. माय घर झाडायची, अप्पा टाकीवरून येऊन दुसऱ्याच्या शेतावर कामाला जायचे, आणि मी उशीवर पाय ठेवून छताकडं बघत बसायची. येणारा-जाणारा विचारायचा, “काय होऊन राहिलं पोरीला?” काही होत नाहीये, बरं होणं चालू आहे, हे सांगायला आमच्या बोलीत सोपं वाक्यच नाही. पाय वाळला. काळे ठिपके राहिले, पण चाल सुधारली आणि गोळ्या बंद होऊनही बरेच दिवस झाले. माय पुन्हा गाजर किसायला लागली.

आणि तारखेच्या दोन दिवस आधी मला सर्दी झाली.

साधी सर्दी. शिंका, जड डोकं, बंद नाक. अप्पांना तिची दखल घ्यावीशीही वाटली नाही. मायनं ओव्याची पुरचुंडी शेकून नाकाला लावली, वाफ दिली. मेडिकल दुकानात एक गोळी मिळते, तिनं नाक दोन तासांत कोरडं पडतं, हे मला लातूरपासून माहीत होतं. ती खाऊन गेले असते तर कुणाला कळलंही नसतं कदाचित. आदल्या संध्याकाळी कान मोकळे आहेत का बघायला मी आरशासमोर उभी राहिले, नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं आणि कानांत हवा फुंकली. उजवा कान टक् करून उघडला. डावा उघडला नाही. मी पाणी प्यायले, जांभई दिली, पुन्हा फुंकलं. डावा ढिम्म.

मी फार घाबरले होते, हे सरळच सांगते. उद्या गेले नाही तर जागा जाणार. गेले तर कान बंद. त्या क्षणी गोळी खाऊन गप्प बसावंसं मला मनापासून वाटलं. पण डॉक्टरांचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं, आज घेतलेलं रक्त तुमचं नसेल. उद्या तपासलेला कान तरी माझा असायला हवा होता. आणि हा कान घेऊनच तर वर जायचं होतं.

मी फोन लावला. अप्पा जेवायला बसले होते, त्यांच्यासमोरच लावला.

“सर, मला सर्दी झाली आहे. डावा कान उघडत नाहीये. उद्या मी येत नाही.”

“बरं केलंत,” ते म्हणाले. “कान उघडला की फोन करा.”

एवढंच. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच कुणाला तरी येत नाही म्हणून कळवलं होतं, आणि पलीकडच्या माणसानं बरं केलंत म्हटलं होतं.

अप्पांनी भाकरी ताटात ठेवली.

“सर्दीपायी?” ते म्हणाले. “सर्दीपायी गैरहजर? अन् ती जागा?”

“जाईल.”

“जाईल म्हणती. असं सांगून राहिली जसं एसटीच चुकली. आमी तापात गेलो, पाण्यात उभं ऱ्हायलो, कधी कुणाला फोन केला न्हाई. तुला एक दिस दात दाबून बसता येईना?”

“अप्पा, तुम्हाला कळत नाही ते,” मी ओरडलेच. “सर्दीत कानाची आतली वाट बंद होते. तशात विमान वर-खाली झालं की कानावर दाब येतो आणि पडदा फाटतो. पडदा गेला तर ऐकू येत नाही. मग ही बॅच काय आणि पुढची काय.”

मायनं अप्पांकडं बघितलं आणि ताट उचलून आत गेली. अप्पा भिंतीला टेकले.

अप्पांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. आम्ही भावंडं लहानपणापासून त्यांच्या उजव्या बाजूला बसत आलो. काही सांगायचं असेल तर उजवीकडून जायचं, एवढं आमच्या अंगवळणी पडलं होतं. काही बापांना मिशा असतात, काहींना नसतात, तसं आमच्या बापाला बोलायची एक बाजू आहे. का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

“कान वहात व्हता,” अप्पा म्हणाले. “तू पाळण्यात व्हतीस. वॉलच्या खड्ड्यात पाणी साचलेलं, त्यात वाकून हात घालावा लागायचा. ताप व्हता. कापूस कोंबून गेलो. रोज गेलो. तवा दुसरा एकजण टाकीपाशी येऊन उभा ऱ्हायचा, मी कवा गैरहजर ऱ्हातो बघायला.” त्यांनी डाव्या कानाला हात लावला. “मंग एक दिस दुखायचं थांबलं. मला वाटलं, बरं झालं.”

इतकी वर्षं ज्या हजेरीचा त्यांना अभिमान होता, तिची किंमत त्यांना सगळ्यांत आधी माहीत होती.

जागा गेली. संस्थेनं कळवलं की पुढच्या बॅचला विचार करता येईल, मात्र फिट आधी पाहिजे. कान पाचव्या-सहाव्या दिवशी एकदम उघडला, शेंगा सोलताना. ओसरीवरच्या पंख्याचा आवाज अचानक मोठा झाला आणि मी टोपली तशीच टाकून फोनकडं धावले. घरात कुणी तारखेचं नाव काढलं नाही. मायनं तर गाजरही आणलं नाही.

त्यानंतर लातूरला जाताना अप्पा स्वतःहून बरोबर आले. गाडीत एकही सूचना नाही. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं नाही, दाराजवळच्या खुर्चीत बसा म्हणाले. रक्त, डोळे, छाती, पाय, सगळं शांतपणे पार पडलं. घोट्यावरचे काळे ठिपके बघून ते म्हणाले, हा तुमचा बिब्बा, आणि पुढं सरकले.

मग कानांची पाळी आली. त्यांनी मला खोलीच्या त्या टोकाला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. उजवा कान बोटानं बंद करायला सांगितला. स्वतः दुसऱ्या टोकाला गेले, अप्पांच्या खुर्चीच्या डावीकडं.

“मी हळू बोलेन. ऐकू येईल ते म्हणा.”

मी भिंतीकडं बघत उभी राहिले. खाली रस्त्यावर कुठलीतरी रिक्षा गेली. मग मागून अगदी बारीक, श्वासाएवढा आवाज आला.

“किनवट,” मी म्हटलं.

थोडा वेळ गेला.

“सत्तावीस.”

“उदगीर.”

“चौऱ्याऐंशी.”

“छान,” डॉक्टर नेहमीच्या आवाजात म्हणाले आणि टेबलाकडं जाऊन लिहायला बसले. मी वळले. अप्पा खुर्चीतून उठून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चुकल्यासारखा भाव होता. मी जवळ गेले, सवयीनं उजवीकडून.

“ते बोलून राहिले व्हते का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मला वाटलं तू आपल्या मनानंच गावांची नावं घेऊन राहिली.” त्यांनी माझ्या डाव्या कानाकडं बघितलं. “त्या कानानं ऐकू आलं?”

“हो अप्पा.”

“समदं?”

“समदं.”

त्यांनी मान हलवली, दोन-तीनदा. डॉक्टरांनी कागदावर सही केली, तो माझ्याकडं सरकवला आणि अभिनंदन म्हणाले. फिट लिहिलेलं मला दिसलं. मी आभार मानून निघायला वळले, तर अप्पा तिथंच उभे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

“साहेब, टाइम आसंल तर माझा बी एक कान बघा,” ते म्हणाले. “लई दिस झाले. सांगायचं ऱ्हाऊन गेलं.”